मासे वर येऊन धापा टाकतायत? औषधाची बाटली आधी खाली ठेवा

प्रश्न : दादा नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, आमच्याकडे चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन क्लाऊन मासे, एक ब्लू टँग मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि थोडे लाईव्ह रॉक (चांगले बॅक्टेरिया वाढलेले समुद्री दगड). परवा दुपारी लाईट गेली ती चार तासांनी आली, मी कामावरून आले तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून भराभर श्वास घेत होते, टँगचा रंग पार उडालेला. दुकानात फोन केला तर म्हणाले निळं औषध टाका. माझा हात धजला नाही, नुसते पंप चालू केले आणि तासाभरात बरे झाले. हा आजार आहे का? परत असं झालं तर काय करू?

उत्तर : ताई, तुमचा हात धजला नाही हे फार बरं झालं बघा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सगळे मासे एकाच वेळी, तासा-दोन तासात बिघडले तर बहुतेक वेळा दुखणं पाण्याचं असतं, माशाचं नाही. एकच मासा दोन-तीन दिवसांपासून कोपऱ्यात बसतोय, खात नाहीये, तेव्हा आजाराचा विचार करायचा.

तुमच्याकडे झालं ते सरळ आहे. पंप बंद, पाणी हलायचं थांबलं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या सोलापुरात बंद खोलीतली टाकी किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम तर समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास, आणि पाणी जितकं तापेल तितका तो अजून कमी. अशात औषध ओतलं तर काही औषधं, खास करून फॉर्मॅलिन, उरलासुरला ऑक्सिजनही खातात. म्हणजे आधीच गुदमरलेल्याचं नाक दाबल्यासारखं होतं ते.

परत झालं तर झाकण उघडा, मग्याने टाकीतलंच पाणी घेऊन हातभर वरून परत टाकीत ओतत रहा, फेस आला पाहिजे, पाच-दहा मिनिटं हात दुखेपर्यंत करा, याचा फरक डोळ्यांनी दिसतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप तीन-चारशे रुपयात मिळतो, तो आजच आणून ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप) लावा, तो फार थोडे वॅट खातो, हीटर नको. पाणी तापलं असेल तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत सोडा, बर्फ थेट टाकायचा नाही, आणि तासाला एखाद अंशापेक्षा जास्त खाली आणायचं नाही. त्या दिवशी खायला देऊ नका.

आणि कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर तो चार तास बंद राहिल्यावर नुसतं बटण दाबू नका. आतले चांगले बॅक्टेरिया हवेविना मरतात, ते सडलेलं पाणी एकदम टाकीत येतं आणि संकट दुप्पट होतं. आधी उघडा, आतलं पाणी फेकून द्या, स्पंज टाकीतून बादलीत काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळा, मग चालू करा. दुसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट घ्या. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो म्हणून तितकाच अमोनिया इथे गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी पडतो. थोडा जरी दिसला तर पाणी बदला. त्यासाठी टाकीसाठीचं समुद्री मीठ कालवलेलं 20 लिटर पाणी बादलीत कायम तयार पाहिजे, ऐन वेळी मीठ विरघळायला वेळ नसतो. आपल्याकडे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, लोक पिंप भरून ठेवतात, ते क्लोरीनचं पाणी नाहीतर बोअरचं जड पाणी टाकीत अजिबात नको, आरओचंच घ्या. घरच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, मेकॅनिककडून तो कॉक बंद करून घ्या.

एक मनापासून सांगतो, रागावू नका, ब्लू टँगला पुढे चार फूट पुरणार नाही, मोठी टाकी नाहीतर दुसरं घर आत्तापासून बघायला लागा.

प्रश्न : क्लाऊनच्या अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आले होते, चौथ्या दिवशी आपोआप गेले. आता धोका टळला ना? – विजापूर रोडवरून एक वाचक

उत्तर : नाही हो दादा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हा मरीन इच, क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीत बसून खात असतो, तीन ते सात दिवसांनी पोट भरलं की खाली पडतो, वाळूत-दगडावर गाठ करून बसतो आणि तिच्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडून परत मासा शोधतात. तुमचे ठिपके बरे झाले नाहीत, ते खाली उतरलेत. पुढच्या वेळी दुपटीने येतील आणि तेव्हा ते कल्ल्यात असतील, जिथे तुम्हाला दिसत नाहीत.

उपाय वेगळ्या टबात, मुख्य टाकीत कधीच नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. सहा वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी कॉपरचं (तांब्याचं) औषध मुख्य टाकीत ओतलं, सकाळी उठून बघतो तर माझा क्लीनर श्रिम्प दगडाखाली उलटा पडलेला, मिशा अजून हलत होत्या, मी त्याला चमच्याने उचलून स्वच्छ पाण्यात टाकला पण दुपारपर्यंत गेला. गोगलगायीही गेल्या. कॉपर दगडात मुरतं ते वेगळंच, त्या दगडांवर परत कोरल ठेवायची माझी हिंमत झाली नाही. तो श्रिम्प माझ्या हाताला येऊन नखं साफ करायचा, अजून आठवतो.

तर सगळे मासे, ठिपके नसलेलेसुद्धा, प्लास्टिकच्या टबात हलवा, त्यात स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा, बास, दगड-वाळू नको. कॉपर बाटलीवर लिहिलंय तितकंच आणि रोज टेस्ट किटने मोजून, अंदाजाने नाही, कमी पडलं तर काम होत नाही, जास्त झालं तर मासाच जातो. मुख्य टाकी 76 दिवस माशांविना ठेवा, श्रिम्प-गोगलगायी तिथेच राहू देत. मासा नसला की परजीवी उपाशी मरतो.

पण ठिपके दाण्यासारखे नसून सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखे असतील आणि श्वास जोरात चालू असेल तर तो इच नाही, वेल्वेट नावाचा दुसरा परजीवी आहे, तो दोन-तीन दिवसात अख्खी टाकी रिकामी करतो. अंधारात टॉर्च बाजूने मारून बघा, धूळ चमकते. तिथे विचार करत बसू नका, त्याच रात्री टब लावा.

प्रश्न : आमचा ब्लू टँग रात्री आडवा होऊन दगडात पडतो, फिकट दिसतो, काल मुलगा रडायला लागला मेला म्हणून.

उत्तर : झोपलाय तो. ब्लू टँग दगडाच्या फटीत अंग खुपसून आडवा झोपतो आणि रात्री रंग उतरतो, कधीकधी दिवसाही घाबरला की मेल्यासारखा पडतो. काठीने ढोसू नका, लाईट एकदम लावू नका, आधी खोलीतला दिवा लावून दहा मिनिटं थांबा. सकाळी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्या, मुलाच्याच हातून, आणि तो येऊन तोडतो का ते दोघं मिळून बघा.