मदेइराला उन्हाळ्यात प्रथमच जाणाऱ्यांसाठी

मदेइराला पहिल्यांदाच निघाला आहात, म्हणून आधी चालण्याविषयी लिहितो, कारण या पोर्तुगीज बेटाची खरी ओळख पायीच होते. ओल्या उत्तरेकडचे पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेण्यासाठी डोंगरकड्यांतून खोदलेल्या अरुंद पाटांना तेथे ‘लेवादा’ म्हणतात आणि त्यांच्या काठाकाठाने जाणाऱ्या वाटा बहुतांशी सपाट असल्या, तरी एका बाजूला खोल दरी असते, हे विसरू नका. केमादशहून काल्देइराँव व्हेर्दच्या धबधब्याकडे जाणारी वाट जाऊन-येऊन सुमारे 13 किलोमीटरची आहे. तिच्यात अंधारे बोगदे असल्याने विजेरी आणि न घसरणारे बूट हवेतच. बेटाची राजधानी फुंशालमध्ये कडक ऊन असतानाही 1,862 मीटर उंचीच्या पिकू रुइवू शिखरावर गार वारा लागतो, म्हणून एक उबदार कपडा पिशवीत ठेवा. वाट खुली आहे का, हे आदल्या दिवशी पाहा.

मदेइरा वाइन मुद्दाम उष्णतेत मुरवतात, त्यामुळे बाटली उघडल्यावरही ती दीर्घकाळ टिकते. कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या सेर्सियाल प्रकारापासून गोड माल्व्हासियापर्यंत क्रमाने चाखा, पण चालून झाल्यावरच. जेवणात लॉरेल झाडाच्या काडीवर भाजलेले गोमांस, केळ्यासोबतचा एस्पादा मासा आणि लसणीचे लोणी लावलेला बोलू दु काकू पाव मिळतो. वाइन व लसणीत मुरवलेले तेथील डुकराचे मांस, म्हणजेच ‘व्हिन्या द आल्यूश’, मूळचे नाताळचे. उन्हाळ्यातही कुठे मिळाले तर अवश्य खा, कारण गोव्याच्या विंदालूचे नाव याच पदार्थावरून आले आहे.