अँटिक कोन्याक: 'जुनी' की 'मुरलेली'?

प्रश्न असा आहे: कोन्याक ही द्राक्षांची फ्रेंच ब्रँडी, तर 'अँटिक कोन्याक'ला मराठीत 'मुरलेली कोन्याक' म्हणावं का? आणि लिहायचं कॉग्नॅक की कोन्याक?

दुसरा भाग सोपा. कोन्याक हे फ्रान्सच्या शारांत भागातलं गाव. तिथल्या उच्चारात ग नाहीच, म्हणून कोन्याक. त्या गावाचं नाव घेतलेली ही ब्रँडीच असल्याने लिंगही ब्रँडीचंच: ती कोन्याक.

'मुरलेली' मात्र जपून वापरा. लोणचं काचेच्या बरणीत मुरतं, कोन्याक काचेत मुरत नाही. ती मुरते ओकच्या पिंपात. लाकडाचा रंग-गंध घेते आणि दरवर्षी साधारण २ टक्के उडून जाते. या घटीला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. (त्या वाफेवर एक बुरशीही पोसली जाते. कोठारांच्या भिंती आणि कौलं तिने काजळी धरल्यासारखी काळी केलेली असतात.) पुरेशी मुरली की जपून ठेवायची कोन्याक वेताच्या वेष्टणातल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत काढतात. हे बुधले ठेवायच्या तळघराला 'पारादी', म्हणजे स्वर्ग, असं नाव आहे. काचेत गेली की मुरणं संपलं. १८६५ च्या द्राक्षांची कोन्याक १९०० साली काचेत गेली असेल, तर ती मुरली ३५ वर्षंच. जुनी मात्र दीडशे वर्षांहून अधिक.

म्हणून 'अँटिक'साठी साधं 'जुनी' बरं. 'पुरातन' देवळांना शोभतं. पण नुसत्या जुनेपणावर किंमत ठरत नाही. १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या वेलींची मुळं खाल्ली. सुमारे २,८०,००० हेक्टरांवरचे मळे १८९३ पर्यंत ४०,००० च्या आसपास उरले. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमं बांधून लागवड झाली, पण 'फोल ब्लांश' ही जुनी द्राक्षं कलमावर नीट टिकेनात. घड दाट धरायचे आणि कुजायचे. त्यांची जागा 'उन्यी ब्लां'ने घेतली. त्यामुळे किडीआधीची कोन्याक आता नव्याने करता येत नाही. जी बाटली उघडली जाते ती कायमची कमी होते. तिच्यासाठी मी 'किडीआधीची' असंच लिहीन. कानाला ओबडधोबड वाटेल, पण नेमकं आहे.

जाता जाता, लेबलावरच्या 'नेपोलियन'ने हुरळून जाऊ नका. आजच्या नियमांत त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणातली सर्वांत कोवळी कोन्याक किमान ६ वर्षं पिंपात होती.