न्यूझीलंडच्या रॅनफर्ली शील्डची सुरुवात कशी झाली?

गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांनी ही ढाल, म्हणजे न्यूझीलंडच्या प्रांतीय रग्बी संघांमधल्या लढतींचं मानचिन्ह, तिथल्या रग्बी युनियनला भेट दिली. गंमत म्हणजे १९०२ मध्ये ढाल आली तेव्हा तिच्या मधोमध चित्र होतं फुटबॉलचं! मग चित्रातले गोलचे खांब रग्बीसारखे उंच करून आणि गोल चेंडू लांबट करून वेळ निभावून नेली.

पहिल्यांदा ती न खेळताच ऑकलंडला मिळाली, त्या हंगामातल्या उत्तम कामगिरीवर. इथे रणजीसारखी साखळी नाही. ज्याच्याकडे ढाल, त्याला आव्हान द्यायचं, तेही बहुतेक त्याच्याच मैदानावर. १९०४ मध्ये वेलिंग्टनने पहिल्याच आव्हानात ऑकलंडला ६-३ हरवलं. पुढच्याच वर्षी ऑकलंडने ती परत आणली आणि थेट १९१३ पर्यंत, तब्बल २३ आव्हानं परतवत, सोडली नाही. शेवटी तारानाकीने हिसकावली.