प्रोटोटाइपला ‘प्रतिकृती’ म्हणावं का?

प्रश्न असा आला: दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या फ्रेंच बॉम्बफेकी विमानांबद्दलचा मजकूर मराठीत आणताना ‘दील ए बाकालां डीबी-१० या विमानाची एकच प्रतिकृती बांधली गेली’ असं वाक्य झालं. ते बरोबर आहे का? आणि विमानांच्या नावाला लागलेली ‘०१’, ‘बीएन ५’ अशी शेपटं ठेवायची की छाटायची?

वाक्य चुकलंय, तेही नेमकं उलट्या अर्थानं. ‘प्रतिकृती’तला ‘प्रति’ सांगतो की मूळ वस्तू आधीच कुठेतरी आहे आणि तिच्याबरहुकूम ही दुसरी केली. शिवाजी महाराजांच्या तलवारीची प्रतिकृती, रायगडाची प्रतिकृती. प्रोटोटाइप मूळ ग्रीक: ‘प्रोतोस’ म्हणजे पहिला, ‘तुपोस’ म्हणजे ठसा. पहिला ठसा हा, बाकीचे त्यावरून उठवायचे. म्हणजे प्रतिकृती मागून येते, प्रोटोटाइप आधी येतो. ‘प्रारूप’ही इथे चालत नाही, तो शब्द कागदावरच्या मसुद्याला गेला आहे, आणि हे तर उडणारं विमान.

‘आद्यनमुना’ मला सर्वांत बरा वाटतो. वाक्यात वारंवार येणार असेल तर नुसता ‘नमुना’ही पुरतो, फक्त ‘काय नमुना आहे!’मधला नमुना वाचकाच्या मनात येणार नाही अशा बेतानं वापरावा. पुढे दुसरं बांधलंच नाही तर ‘आद्य’ कसं म्हणायचं, ही शंका रास्त आहे. पण प्रोटोटाइप हेतूवरून ठरतो, संख्येवरून नाही. फ्रेंच अशा विमानाबद्दल म्हणतात की ते ‘प्रोटोटाइपच्या अवस्थेतच राहिलं’. आपल्याकडे त्याला तयार वळण आहे: ‘डीबी-१० नमुन्यापुढे गेलं नाही.’ दील ए बाकालां या बोर्दोच्या कारखान्याचं सबंध धातूचं, दोन इंजिनांचं रात्रीचं बॉम्बफेकी विमान एवढ्या एका वाक्यात नीट बसतं.

चुकीच्या शब्दानं घोटाळा किती होतो ते पाहा. ऑगस्ट १९३८मध्ये फ्रेंच हवाई दलाचे प्रमुख जनरल व्हिल्मँ जर्मनीच्या भेटीला गेले ते आमियो ३४० या बॉम्बफेकी विमानाच्या आद्यनमुन्यातून. तिथे ‘प्रतिकृती’ लिहिलं तर सेनापती लाकडी खेळण्यात बसून बर्लिनला गेले असं वाटेल. लाकडाचं पूर्णाकृती विमान फ्रेंच कारखाने खरंच करत, पण उड्डाणासाठी नव्हे. आसनं, खिडक्या, बंदुका कुठे बसतात ते पाहण्यासाठी. त्याचं नाव ‘माकेत’. त्याला ‘लाकडी नमुना’ म्हणावं.

आता शेपटं. ‘०१’मधलं शून्य छाटू नका, सगळा अर्थ त्यात आहे. फ्रेंच पद्धतीत ०१, ०२ हे आद्यनमुन्यांचे क्रमांक. कारखान्यातून मालिकेनं निघणाऱ्या विमानांची मोजणी पुन्हा १पासून. लेओ (म्हणजे लिओरे ए ऑलिव्हिए कारखान्याचं) ४५-०१ जानेवारी १९३७मध्ये पहिल्यांदा उडालं, हिस्पानो-सुइझा इंजिनांवर. त्याच विमानाला पुढे नोम-रोन इंजिनं बसवली तेव्हा ते लेओ ४५१-०१ झालं. विमान तेच, इंजिनाबरोबर नाव बदललं. भाषांतरकार इथे हमखास दोन विमानं मोजतो. आणि लेओ ४५१ क्रमांक १ म्हणजे मालिकेतलं पहिलं. ते ०१ नव्हे.

‘बीएन ५’मधला पाच मॉडेलचा आकडा नव्हे, तो माणसांचा. बी म्हणजे बॉम्बफेक, एन म्हणजे ‘न्वी’, रात्र. पाच म्हणजे विमानात पाच जण. फार्मां २२१ हे बीएन ५, म्हणजे पाच जणांचं रात्रीचं बॉम्बफेकी. लेओ २० बीएन ३, लेओ ४५१ नुसतं बी ४. तक्त्यात अक्षरं तशीच ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाला उलगडा द्यावा. दर वेळी उलगडत बसलं तर वाक्य मोडतं.

‘बीसीआर’ मात्र उलगडलंच पाहिजे: बॉम्बफेक, लढत आणि टेहळणी, तिन्ही कामं एकाच विमानाकडून. १९३०च्या दशकात या मागणीपायी पोतेझ ५४०, ब्लॉक १३०, फार्मां ४२० अशी विमानं झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या! टेहळणीला जड, लढतीला मंद. या गटाला सरसकट ‘लढाऊ विमान’ लिहू नये, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दानं छोटं, चपळ विमान येतं.

जाता जाता ‘बाँबार्दिए’ हा शब्द. फ्रेंचमध्ये तो विमानालाही लागतो, बॉम्ब टाकणाऱ्या माणसालाही. इंग्रजीत फक्त माणसाला. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याची सवय आड येते आणि ‘चार इंजिनांचा बॉम्बफेक्या’ अशी वाक्यं जन्माला येतात. इंजिनं दिसली की समजावं, इथे विमान आहे.