पोस्टरपाशी उभं राहण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

पोस्टरची फाइल पाहिली. सजावट झकास आहे, तिच्याबद्दल शेवटी बोलू. आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा 2006 पासून भरते आणि पानांच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण हा विषय परीक्षकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. तुळस झाली, कडुनिंब झाला, पेरू झाला. तुझी निर्गुडी बघून कोणी दचकणार नाही. त्यात कमीपणा नाही, पण ओळखीच्या विषयावर प्रश्न नेमके येतात.

तुझ्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो ई. कोलाय जंतूंच्या प्लेटचा आहे आणि खाली ठळक अक्षरात ‘अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी’. हे वाक्य आजच काढ. वेल, म्हणजे अगारच्या जेलीत पाडलेला खड्डा, त्याच्याभोवतीचा जंतू न वाढलेला स्वच्छ झोन किती मोठा होतो, हे नुसत्या मारकशक्तीवर ठरत नाही. पदार्थ अगारमध्ये किती पसरतो, त्यावरही ठरतं. नॅनोकण सावकाश पसरतात, अँटिबायोटिकचा लहानसा रेणू भराभर पसरतो. त्यामुळे दोघांचे मिलिमीटर शेजारी ठेवून जिंकलं-हरलं ठरवता येत नाही. तुलनाच करायची असेल तर द्रवमाध्यमात एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण, काढावी लागेल. ती काढलेली नाही, एवढं सरळ सांगितलंस तरी पुरे.

त्याहून मोठी अडचण कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांची आहे. चांदीचे आयन स्वतःच जंतू मारतात. मग तुझ्या प्लेटवर जंतू मेले ते नॅनोकणांनी, की धुण्यात राहून गेलेल्या सिल्व्हर नायट्रेटने, की निर्गुडीच्या रसाने? तुझ्याकडे कंट्रोल म्हणून फक्त पाणी आहे. मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि उत्तरात गडबड झाली की पुढचं काही फार मन लावून ऐकलंही नसतं. (परीक्षकही माणसंच, दुपारच्या जेवणानंतर तर फारच.)

आणखी एक. एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांच्या सरासरीवर एरर बार काढलास, पण तो एसडी (मोजमापांचा पसारा) आहे की एसईएम (सरासरीतली अनिश्चितता) हे कुठेच लिहिलेलं नाही. एसईएम नेहमीच लहान दिसतो, म्हणून तो कित्येकांना आवडतो. तू एसडी दे, आणि एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोग किती, तेही लिही.

एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने जे 18 नॅनोमीटर आलेत, तो स्फटिकाचा आकार. एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र) हाती नसताना ‘कणांचा आकार’ असं लिहू नकोस. उपकरणामुळे येणारी रुंदी वजा केलीस का, तेही बघून ठेव. यूव्ही-व्हिजिबलमधलं, म्हणजे प्रकाश शोषणाच्या आलेखातलं, 420 नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर मात्र सुरेख आलंय. फोटोतला तो तपकिरी रंग आणि हा आलेख शेजारीशेजारी ठेव. बोलायला सुरुवात तिथूनच कर, प्रस्तावनेतल्या ‘नॅनोतंत्रज्ञानाच्या युगात’पासून नको.

टीईएम विद्यापीठाच्या केंद्रात करून घेतलं तर तसं सांग. पण काढा किती तापमानाला उकळला आणि कण कितीदा सेंट्रिफ्यूज केले (वेगाने फिरवून तळाशी बसवले), हे तुझ्या हातचं काम आहे. ते वहीत न बघता सांगता आलं पाहिजे. आणि प्रश्न मराठीत आला तर उत्तर मराठीतच दे, उगाच इंग्रजीत शिरू नकोस.

सजावटीचं म्हणशील तर लाल आणि हिरव्या रेषा एकाच आलेखात नकोत, काहींना त्या वेगळ्या दिसतच नाहीत. हिरवी पार्श्वभूमीही काढ. पानांवरचं काम असलं म्हणून पोस्टर हिरवंच हवं असं थोडंच आहे?

उद्या सकाळी नव्या प्लेटा लाव. चांदीचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेवून नॅनोकण आणि सिल्व्हर नायट्रेट. शिवाय नुसता काढा आणि शेवटच्या सेंट्रिफ्यूजनंतरचं वरचं पाणी. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या जंतूंच्या कल्चरने तीनदा. झोन काहीही येवोत, फोटो मला पाठव. मगच छापायला टाक.

तुझा,
सर