मृत ड्रायव्हरची दोन घरं : पैसे कोणाला द्यायचे?

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, पश्चिम केनियात काकामेगाकडे ऊसवाहतुकीचा धंदा करतो. माझा जुना ट्रॅक्टर ड्रायव्हर दोन महिन्यांपूर्वी आजारपणात वारला. त्याच्या गावी रीतीप्रमाणे मुलीच्या माहेरी गाई देऊन केलेली बायको आणि तीन मुलं आहेत. इथे तो अकरा वर्षं दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. तिला दोन मुलं आहेत, पण लग्नविधी झाला नाही आणि माहेरी काही दिलेलं नाही. थकलेला पगार आणि त्याने माझ्याकडे ठेवलेली बचत दोघी मागताहेत. त्याचा भाऊ म्हणतो, माझ्याकडे द्या. दुसरीचा हक्क लागतो का?

उत्तर : सध्या कोणालाच पैसे देऊ नका, भावाला तर नाहीच. केनियाच्या वारसा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे अधिकार नसताना मृताच्या मालमत्तेत हात घालणं हा गुन्हा आहे. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने, म्हणजे मृताची मालमत्ता सांभाळणाऱ्याने, नेमणुकीचा कागद दाखवला की रोजगार कायद्यानुसार 30 दिवसांत पगार चुकता करायचा. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कोणीच आलं नाही, तर रक्कम कामगार अधिकाऱ्याकडे भरायची. म्हणजे तुमच्या हातात महिनाभर आहे. बचतीचा हिशेब पगारात मिसळू नका, वेगळा लिहून ठेवा.

आता दुसऱ्या बाईविषयी. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या सवयीने तिला बेकायदा ठरवू नका. केनियाच्या खेड्यापाड्यांत ‘कम-वी-स्टे’, म्हणजे लग्नविधीशिवाय एकत्र राहणाऱ्यांची, घरं आता सर्रास आहेत. जमिनीचे तुकडे झाले, तरुण मजुरीसाठी बाहेर पडले, गाई परवडेनाशा झाल्या. मग आधी संसार मांडायचा, गाई जमतील तेव्हा द्यायच्या, आणि अनेकांच्या त्या कधीच जमत नाहीत. शेजारीपाजारी तिला बायकोच मानतात. माणूस गेला की तिच्याकडे कागद मागितला जातो. मला यात फार मोठा अन्याय दिसतो.

1976 साली पूर्व आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने मृताबरोबर नऊ वर्षं राहिलेल्या, चार मुलांच्या आईला लग्न गृहीत धरून पत्नी मानलं होतं. जानेवारी 2023 मध्ये केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ही वाट अरुंद केली. असं गृहीत धरणं हा अपवाद आहे, नियम नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. दीर्घ सहवास, दोघांना लग्नाची कायदेशीर मुभा, लग्नाचा हेतू, संमती आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावर, हे सगळं दावा करणाऱ्याने सिद्ध करायचं. त्या खटल्यातल्या बाईचं आधीचं लग्न कायम होतं, म्हणून तिला पत्नीचा दर्जा मिळाला नाही.

तुमच्या ड्रायव्हरचं पहिलं लग्न रूढीप्रमाणे झालं, ही या बाईच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. 2014 च्या विवाह कायद्यात रूढीविवाहाला बहुपत्नीत्वाची मुभा आहे, म्हणजे त्याला दुसरं लग्न करता येत होतं. पहिलं लग्न चर्चमध्ये लागलं असतं तर तिचं प्रकरण फार अवघड झालं असतं. शिवाय त्याच कायद्याप्रमाणे रूढीविवाह सिद्ध करायला नाममात्र देणंही पुरतं. तेव्हा तिच्या माहेरी खरंच काहीच गेलं नाही का, हे नीट विचारा. एखादी शेळी, थोडी रोकड, काहीही.

मुलांचं मात्र आईच्या लग्नावर अडत नाही. वारसा कायद्याच्या कलम 29 मध्ये मृताची सगळी मुलं येतात. ती पत्नी ठरली, तर कलम 40 प्रमाणे प्रत्येक घरातली मुलं मोजून त्यात पत्नीचा एक वाटा मिळवतात : गावच्या घराचे चार, इथल्या घराचे तीन. नाही ठरली तर वाटणीची रीत बदलेल, मुलांचा हक्क बुडणार नाही.

मुलं सज्ञान नसतील तर एकाच व्यक्तीला प्रशासक नेमत नाहीत, दोघं लागतात. म्हणून दोघींनी मिळून अर्ज करावा, हा माझा आग्रह आहे. दोघींना एकत्र बसवून तुम्हीच हे सांगा. अर्जाला चीफचं पत्र लागतं. तिथला चीफ सरकारी नेमणुकीचा अधिकारी असतो, आणि त्याच्या पत्रात दोन्ही घरांची, पाचही मुलांची नावं आलीच पाहिजेत. भाऊ घाई करतोय, त्यामुळे एका घराचं पत्र आधी निघण्याची भीती आहे. चीफला आजच लेखी कळवा.

बायको कोण, हे तुम्ही ठरवायचं नाही. पण तुम्ही मोलाचे साक्षीदार आहात. कामावर घेताना त्याने जवळची व्यक्ती म्हणून कोणाचं नाव लिहिलं होतं? दवाखान्यात सही कोणी केली? पगाराची उचल घ्यायला कोण येत असे? हे कागद शोधा, त्यांच्या प्रती तिथल्या वकिलाकडे द्या आणि शपथपत्र करा. तोवर मुलांची फी अडली असेल, तर दोन्ही घरांतल्या मुलांची तुमच्या स्वतःच्या पैशातून भरा, ड्रायव्हरच्या पैशाला हात लावू नका.