शब्द अडतो तेव्हा

ते आले तेच पुस्तक हातात घेऊन. वय पस्तिशीचं, जर्मन शिकायला लागून दीड वर्ष झालेलं. "मॅडम, अकरा दिवसांत चार पानं. एकच शब्द पाचव्यांदा शोधतो, तरी आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच गेलीय."

मी पुस्तक मागून घेतलं. ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अर्थ, मूळ मजकूर दिसेनासा झालेला. एका पानावरचे अर्थ मोजले, 41 भरले. पान साधारण तीनशे शब्दांचं.

मी त्यांना एक वाक्य दिलं: 'त्याने खिशातून झुंबळ काढली, कुलूप उघडलं आणि आत गेला.' झुंबळ म्हणजे काय?

"किल्ली." लगेच उत्तर. हा शब्द मी तिथल्या तिथे बनवला होता.

पण अंदाज बांधायला आजूबाजूचं कळावं लागतं. हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली कथेच्या उताऱ्यावर हे तपासलं होतं. शब्दकोश न उघडता नीट समजायला शंभरातले 98 शब्द ओळखीचे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. इथे 41! स्मरणशक्तीचा यात काय दोष?

पुस्तक बदला म्हटल्यावर ते जरा दुखावले. "लहान मुलांचं वाचू?" मुळीच नको, त्यात शब्दखेळच फार असतात. शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार लिहिलेल्या गोष्टी मिळतात, त्या घ्या म्हटलं.

आणखी एक गोष्ट खटकली होती. झाडांची, कापडांची नावं त्यांनी चिकाटीने शोधलेली, पण 'काउम' हा एवढासा शब्द तसाच सोडलेला. त्याचा अर्थ 'जेमतेम'. तो गाळल्यामुळे नायक शेजाऱ्याला जेमतेम ओळखतो याचं 'ओळखतो' झालं आणि पुढचा सगळा संशय त्यांना कळेना. झाडाचं नाव सुटलं तर झाड उरतंच. असे चिमुकले शब्द मात्र वाक्यच उलटवतात. शोधायचेच तर आधी हे, आणि पुन्हा पुन्हा समोर येऊन गोष्ट अडवणारे. तेही प्रकरण संपल्यावर. तोवर नुसती खूण.

पाच आठवड्यांनी ते एक पातळसं पुस्तक संपवून आले. खुणा मोजक्याच.

"एक घोटाळा झाला," म्हणाले. "नायक सगळीकडे 'गायगं' घेऊन फिरतो. मी बॅग समजलो. चाळीस पानांनी तिची तार तुटली, तेव्हा कुठे शब्दकोश उघडला. व्हायोलिन!"

आणि ते खो खो हसत सुटले.